सळईवरचं नाव

४ ऑगस्ट
बारामती पहिल्याच दिवशी आवडली. स्टँडपासून कॉलेजपर्यंत रिक्षावाल्याने गतिरोधकांबद्दल इतकी कुरकुर केली की, ते मीच बांधल्यासारखी मी माफी मागितली.

धातुशास्त्राच्या विभागप्रमुख संजीवनी मॅडम दारातच उभ्या होत्या. ये गं प्रतिक्षा, किती उशीर, असं म्हणाल्या. धाकट्या बहिणीला म्हणावं तसं. मग प्रयोगशाळा दाखवली. कोपऱ्यात क्रीप-चाचणीचं यंत्र आहे. भट्टीत तापलेल्या पोलादी सळईला वजन टांगून ठेवायचं आणि ती तुटेपर्यंत दिवसागणिक किती लांबते ते टिपायचं. हा प्रयोग आता तुझा, असं त्या म्हणाल्या. यंत्राच्या पट्टीवर ज्याचं त्यानं नाव लिहायचं, ही इथली पद्धत. मी अगदी वळणदार लिहिलं. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांत राबले. हा पहिला माझ्या नावाचा.

१७ ऑगस्ट
रविवार. मॅडम गाडीने भिगवणला घेऊन गेल्या. उजनीच्या पाण्याकाठी तळलेली चिलापी खाल्ली. मॅडम काटे काढून मासा माझ्या ताटात ठेवत होत्या. मी कधी कुणाला सांगत नाही ते सगळं सांगितलं: घटस्फोट, आईचं जाणं, संध्याकाळी माझी वाट बघणारं कोणी नाही हेही. त्यांनी माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

२६ ऑगस्ट
कुडत्यांच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्यात. धुऊन आटल्या असतील. खांदे दुखतात, अंग कढत लागतं. थर्मामीटर मात्र ताप दाखवत नाही. माझी एम.टेक.ची विद्यार्थिनी निकिता इंदापूरहून येताना घरचे पेरू घेऊन आली. मॅडम, लई बारीक झालाय तुमी, खावा गपगुमान, असा दम भरला तिने.

१ सप्टेंबर
खोलीच्या दाराच्या चौकटीवर आल्या दिवशी लहानपणच्या सवयीने उंचीची खूण केली होती. आज तिच्यापेक्षा तीन मिलिमीटर वर आहे.
सळईही तीन मिलिमीटर.
बेचाळिसाव्या वर्षी कोणी वाढत नाही.

३ सप्टेंबर
प्रयोगशाळेतल्या सर्जेरावांनी जुनी नोंदवही माझ्यापुढे ठेवली. माझ्या आधी इथे शिकवणाऱ्या सोनल मॅडमचं नाव. पुढे एक तारीख. पुढे ‘तुटली’. त्याच तारखेला त्या वारल्या होत्या. त्याखाली संजीवनी मॅडमचं नाव, खोडलेलं. खोडल्याची तारीख ४ ऑगस्ट. मग माझं.

सर्जेराव खालच्या मानेने म्हणाले, सळई तुटली की नवी आपसूक चढती बाई, आन् पट्टीवर विभागप्रमुखाचं नाव येतं. दुसऱ्या कुणी आपल्या हातानं नाव लिवलं, तरच ते सुटतं. भट्टी बंद करू का, असं मी विचारलं तर त्यांनी दोन्ही हात जोडले. सोनल म्याडमनी केली हुती. तितंच पडल्या.

४ सप्टेंबर
मॅडमना विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. चष्मा पुसला. म्हणाल्या, माझ्या दोन मुली शाळेत आहेत गं. तुझी तर वाट बघणारं कोणी नाही.

ते मी त्यांना सांगितलं होतं. भिगवणला. मासा खाताना.

मग चहा घेणार का, असं त्यांनी विचारलं.

७ सप्टेंबर
आज दोन मिलिमीटर. एका दिवसात. तिसरी अवस्था — वर्गात मीच शिकवते, हिच्यानंतर तुटणंच.
अंगठी गळून पडली. बोट तिच्यापेक्षा बारीक —

८ सप्टेंबर
यंत्रासमोर बसलेय. आकडा थांबत नाही. मणक्यात कुठेतरी बारीक आवाज —

निकिता आलीय. तिला स्वतःचा प्रयोग हवाय. संजीवनी मॅडमनीच पाठवलं म्हणते. बरोबर. मी तुटले तर नाव परत त्यांचंच —

मॅडम, म्या लिवू का माझं नाव, असं विचारतेय. किती खूश. हिची आई रोज फाट्यावर उभी असते, हिच्या एसटीची वाट बघत —

तिच्याकडे पेन नाही. माझ्या हातातलं हे मागतेय.

मी नको म्हणणार आहे. आत्ता म्हणते. नको, निकिता, असं. पण माझा हात तिच्याकडे