साखरेचा डबा

मंगळवार, संध्याकाळ

उद्या ह्यांच्या शुगरची तपासणी. रिपोर्ट बढिया यावा म्हणून शहाण्यांनी आज गोळी घेतली आणि जेवण चुकवलं! सियागंजच्या बाजारातून परतले ते घामाघूम, हात थरथरत. असं झालं की लगेच साखर द्या, डॉक्टरांनी बजावलेलं. पण डबा कुठाय? ह्यांच्यापासून लपवायला दर आठवड्याला जागा बदलते मीच, आणि ऐन वेळी मलाच आठवेना. तर हेच म्हणाले, "अगं, टेन्शन नको घेऊस. पोह्यांच्या डब्यामागे बघ."

साखरपाणी पाजलं, मग पोळी-भाजी. आता बरे आहेत. खूप ओरडले मी, मग रडले.

म्हणजे जागा ह्यांना दर वेळी ठाऊक होती? आणि डबा तर काठोकाठ भरलेला होता, मी ठेवला तसाच.