शिडीचा गुडघा व इतर मालमत्ता

मी, वय वर्षे एकाहत्तर, बास्केटबॉलचा निवृत्त प्रशिक्षक, हे मृत्युपत्र तोंडाने सांगून मुलीकडून लिहवून घेत आहे. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने माझी उजवी बाजू नेली. डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकायला या तिसऱ्या मजल्यावर येतो कोण? लिफ्ट नाही, आणि आठ महिन्यांत मी उंबरठा ओलांडलेला नाही.

१. राहत्या दोन्ही खोल्या व बँकेतील शिल्लक मुलीला. तिची आई आजारी होती तेव्हा मी संघाबरोबर प्लेऑफच्या दौऱ्यावर होतो. सगळे हिने एकटीने निस्तरले. हे वाक्य लिहिताना ती थांबली. "बाबा, हे कशाला?" म्हणाली. लिही म्हटले.

२. चाली आखून दाखवण्याचा फळा माझ्या माजी सहायकाला. माझ्या चाली स्वतःच्या नावावर खपवून त्याने मोठ्या संघाची नोकरी मिळवली. फळा स्वच्छ पुसून द्यावा.

३. माझ्या एकतीस वह्या शिडी या माझ्या जुन्या खेळाडूला. प्रत्येक सामन्यात कोणाचे किती नेम लागले, किती चुकले, शेवटच्या पाच मिनिटांत कोणाचे पाय जड झाले, सगळे त्यांत आहे. मी जन्मभर पोरांना सांगत आलो की साखळी सामन्यांत खेळाडूचे कसब दिसते आणि प्लेऑफमध्ये काळीज. ते खोटे होते. प्लेऑफमध्ये दिसतो तो प्रशिक्षक. रेषेबाहेर कोंडलेला असतो, ओरडण्यापलीकडे हाती काही नसते, आणि हरण्याची भीती सगळ्यांत जास्त त्यालाच असते. सतरावी वही वगळू नये.

४. त्या वहीचा खुलासा. शिडी म्हणजे माझा सर्वांत उंच खेळाडू. उपांत्य फेरीच्या निर्णायक सामन्याआधी त्याचा उजवा गुडघा सुजला होता. संघाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "आज खेळवलात, तर हा पुन्हा खेळणार नाही."

शिडीने विचारले, "सर, काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हणालो, "पट्टी बांध म्हणाले. चालेल."

चौतीस मिनिटे खेळवला. शेवटच्या सत्रात उडी मारून खाली आला तो उठलाच नाही. सामना आम्ही जिंकलो. पत्रकारांना मी सांगितले की पोराने दुखापत लपवली. डॉक्टर नोकरीसाठी गप्प बसले. संघाने शिडीला काढून टाकले. अंतिम फेरीत आम्ही सपाटून हरलो. वहीत माझ्याच अक्षरात आहे: "डॉक्टर नको म्हणाले. खेळवला."

५. शिडी आता फिजिओथेरपी करतो. मी पडल्याचे कळल्यापासून रोज सकाळी नऊला लंगडत तीन मजले चढून येतो, माझा मेलेला पाय खांद्यावर घेऊन वाकवतो, मग मलाही जमेल तेवढा वाकवायला लावतो. "सर, तुम्हीच घडवलंत मला," म्हणतो. पाय त्याच्या हातात, चेहरा वीतभर अंतरावर. पळून जायलाही पाय लागतात.

परवा त्यानेच विचारले, "मृत्युपत्र करताय ना? साक्षीदार म्हणून मी सही करू?"

"ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"अरे वा! मला काय देताय?" तो हसला. मी भिंतीकडे पाहिले.

माझ्या मागे त्याला कळावे म्हणून तिसरे आणि चौथे कलम घातले आहे.

६. इथवर लिहून मुलीने पेन खाली ठेवले. "मेल्यावर सांगणार? मग त्यानं भांडायचं कुणाशी?"

दुसऱ्या सकाळी, पाय त्याच्या खांद्यावर असतानाच, मी सगळे सांगितले. त्याने पाय हळूच खाली ठेवला, चादर सारखी केली.

"तेव्हा खरं सांगितलं असतंत तरी मी खेळलोच असतो, सर," तो म्हणाला. "पण ते मला ठरवू द्यायचं होतंत."

जिना उतरताना प्रत्येक पायरीवर त्याचे उजवे पाऊल उशिरा पडत होते. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आले.

अकरा दिवस तो आला नाही. माझा पाय लाकडासारखा आखडला. बाराव्या दिवशी त्याच्या हाताखाली शिकलेली एक बाई आली. तिच्याजवळ त्याच्या अक्षरातला कागद होता. माझ्यासाठी त्यात एक शब्द नव्हता. तिला लिहिले होते: "उजवा गुडघा, वीस वेळा. रुग्ण पंधरावर थांबतो आणि वीस झाले म्हणतो. विश्वास ठेवू नये."

मी वीस पुरे केले.

७. कलम तीन कायम आहे. शिडीने वह्या नाकारल्या तर मुलीने सांभाळाव्यात, पण चौथे कलम ज्याला वाचायचे असेल त्याला वाचू द्यावे. याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

सही जमत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा.

आम्हां दोघींच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत, वाचून दाखवल्यावर अंगठा उठवला:
१) डॉक्टरीणबाई (सही)
२) फिजिओथेरपीच्या बाई (सही)

स्थळ: तिसरा मजला, पुढची खोली
दिनांक: १८ नोव्हेंबर, सकाळचे दहा