गॅरेजच्या दाराजवळ येऊ नये

मंगळवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. मी घाबरले नाही. बाथरूमला आतून कडी होतीच, ती तशीच ठेवून वीस मिनिटं शांतपणे विचार केला. मग गॅरेजमध्ये डोकावले. दाराच्या वरच्या दांड्यावर दोन स्प्रिंगा आहेत, त्यातली डावीकडची मधोमध तुटली आहे. थंडीने तुटली असणार. दार बंद. गाडी आत.

सोमवारी माझी नोकरी सुरू होते. बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस, एकोणीस मैलांवर. घराबाहेरची आयुष्यातली पहिली. एस्थर आजीचं हे घर ती गेल्यापासून रिकामं होतं, म्हणून बाबांनी अट घालून दिलं: जूनपर्यंत एकटी राहून दाखव. काही मोडलं आणि तुला निस्तरता आलं नाही, तर सामानासकट शेतावर परत. न्यायला मी येईन.

सहा दिवस आहेत. भरपूर झाले.

सकाळी ११.००
वाचून काढलं. दार उचलण्याचा सगळा जोर या स्प्रिंगमध्ये पिळून भरलेला असतो. ती स्वतः सोडवायला गेलेल्या लोकांची बोटं गेली आहेत, दातही. करायच्या गोष्टी तीनच. दार उचलायचं नाही. ते वर नेणारं बटण दाबायचं नाही. जाणकार माणसाला फोन करायचा.
त्यातल्या दोन आजच उरकल्या. फोन उद्या.

बुधवार, ४ फेब्रुवारी. दुपारी १.००
फोनआधी अभ्यास. आईने आम्हा सात भावंडांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, आणि कुठलीही गोष्ट समोर आली की आधी तिची वही करायची हा आमचा नेम. शेळी व्याली तेव्हाही आधी वही झाली. करडू तोवर उभं राहून दूध पीत होतं, पण ते वेगळं.
स्प्रिंगच्या वहीत पाच प्रकरणं. घड्याळाच्या स्प्रिंगपासून सुरुवात. चौथं प्रकरण: अपघात. तुटलेल्या स्प्रिंगचं चित्र तीन रंगांत, समोर बघून काढलं. सुरक्षित अंतर म्हणून गाडीत बसून काढलं, काचा वर, सीटबेल्ट लावून. अंधार होता, आतला दिवा लावावा लागला.

दुपारी ३.३०
फोनवर काय बोलायचं त्याचे सात खर्डे केले. ‘माझ्या गॅरेजचं दार’ म्हणणं खोटं ठरेल का? घर एस्थर आजीचं. ‘आमच्या’ म्हटलं तर आम्ही किती जण राहतो असं विचारतील. फोन उद्या.
तोवर इतरांना इजा होऊ नये म्हणून दारावर बाहेरून पाटी लावली. ‘धोका. दाराजवळ येऊ नये. काम जाणकारांकडे सोपवलेलं आहे.’ शेवटचं वाक्य अजून खरं नाही, म्हणून ते बारीक अक्षरात लिहिलं.
पाटी लावताना शेजारच्या मिसेस पिकेट आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली, अजूनही बोलतात ते मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “पोरी, दार दुरुस्त करायचंय, लग्न नाही ठरवायचं. फोन कर की.”
सगळं माझ्या हातात आहे, असं मी नम्रपणे सांगितलं. त्यांचं दार ज्याने बसवलं त्या डेलला पाठवते म्हणाल्या. मी मान हलवली. लोक असं म्हणतातच, या कधीतरी जेवायला म्हणतात तसं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी १०.२०
बेल वाजली.
लहानपणी आमच्याकडे नियम होता. शाळेच्या दिवशी दुपारी तीनच्या आत बेल वाजली तर खिडकीशी जायचं नाही, बोलायचं नाही, सरळ टेबलाखाली. सरकारी माणूस असला आणि त्याने ही मुलं शाळेत का नाहीत विचारलं, तर भानगड नको. आम्ही टेबलाखाली मनातल्या मनात पाढे म्हणत असू.
मी तेवीस वर्षांची आहे. नियम मला लागू नाही, हे मला ठाऊक आहे. बाराच्या पाढ्यापर्यंत पोचले तेव्हा पावलं गॅरेजकडे गेली, थोडा वेळ थांबली आणि परत फिरली. पाटी वाचली असणार. पाटीचा उपयोग झाला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. दुपारी २.१५
पुन्हा बेल, दोनदा. कुणी आहे का, असं विचारणारा आवाज. आवाज भला वाटला. टेबलाखाली हरवलेला खोडरबर सापडला.

दुपारी ४.००
फोन केला! दारं दुरुस्त करणाऱ्या कंपनीची ध्वनिमुद्रित बाई बोलली: तातडीचं काम असेल तर एक दाबा. तातडीचं आहे का? कुणाला लागलेलं नाही. खोटं सांगून रांग मोडणं बरं नव्हे. तातडीचं नसेल तर मंगळवारी माणूस येईल. मंगळवार म्हणजे सोमवारनंतर. ठेवून दिला. पण सुरुवात झाली.

संध्याकाळी ६.४०
बाबांचा फोन. सगळं ठीक ना, विचारलं. मी म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे. यात एकही शब्द खोटा नाही, गाडी तर विशेषच. तरी दहा मिनिटांनी उलट फोन करून सगळं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, उद्या येतो, मोठे स्क्रूड्रायव्हर घेऊन. आणि रिकामी खोकी.

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी १०.४०
बाबा आले. पाटी वाचून हसले. खोकी स्वयंपाकघरात ठेवली, शिडी लावली. मी वही आणली आणि चौथं प्रकरण वाचून दाखवू लागले: यासाठी खास लोखंडी सळया असतात, स्क्रूड्रायव्हर निसटतो. बाबा म्हणाले, तुझ्या जन्माआधीपासून मी वस्तू खोलतोय. ते खरं आहे. त्यातल्याच एका वस्तूने त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख नेलं.
त्यांनी चांगल्या स्प्रिंगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला. मी शिडी धरली.
“बाबा, उतरा खाली. ती अजून पूर्ण पिळलेली आहे. हात जाईल तुमचा.”
मी बाबांना आयुष्यात पहिल्यांदा काही करू नका म्हणाले. त्यांनी वरून माझ्याकडे पाहिलं.
“मग पाच दिवसांत कुणाला बोलावलंस?”
तेवढ्यात बेल वाजली.
शनिवार होता. तरी बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, मला खाली बस अशी खूण केली आणि स्वतः आवाज न करता शिडीवरून उतरले. आम्ही दोघं गाडीमागे उकिडवे बसलो. त्यांचे ओठ हलत होते. सातचा पाढा असावा.
गॅरेजचं बाजूचं दार उघडलं. मिसेस पिकेट, आणि मागे हत्यारांची पेटी घेतलेला डेल. बाईंनी आम्हाला वरून न्याहाळलं. “दोघंही आहात होय,” एवढंच म्हणाल्या.
डेल गुरुवारी आला होता, शुक्रवारीही. काम जाणकारांकडे सोपवलेलं आहे असं वाचून दुसऱ्या कुणाला मिळालं समजून परत गेला. बारीक अक्षरातली ओळ त्याने नीट वाचली होती.
दोन्ही स्प्रिंगा बदलायला त्याला चाळीस मिनिटं लागली. शिडीवर राहिलेला स्क्रूड्रायव्हर बघून त्याने बाबांना विचारलं, बोटं मोजून बघितलीत का. बाबा गुडघे झटकत होते.
जाताना त्यांनी खोकी परत गाडीत टाकली. म्हणाले, “राहा जूनपर्यंत. पण बेल वाजली की उघडत जा.” धाकट्यांच्या अभ्यासाला म्हणून वही घेऊन गेले.

रविवार, ८ फेब्रुवारी
दार एका बोटाने उचललं जातं. नऊ वेळा पाहिलं. उद्याची तयारी पूर्ण. कपडे, डबा, नकाशा. कशाचीही काळजी उरलेली नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ८.२५, ऑफिसच्या बाहेर
दार झकास उघडलं. गाडी सुरू झाली नाही. आतला दिवा बुधवारपासून चालू होता.
नवी वही उघडून ‘बॅटरी’ एवढं लिहिलं, तोच बेल वाजली. उघडलं. मिसेस पिकेट हातात किल्ल्या घेऊन उभ्या. काही न विचारता म्हणाल्या, चल, बस.
मी आयुष्यात शाळेच्या बसमध्ये बसलेले नाही. आज वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी मला फाटकाशी उतरवलं, मफलर नीट केला आणि पार्किंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, डबा घेतलास का.
घरी राहिला.