मुकाट जेवणाचा उपचार

तीर्थस्वरूप लंकाताईस, धाकट्या समाधानचा सातपूरहून दंडवत.

तुझा गुडघा कसा आहे? कांदाचाळीतला कांदा टिकतोय ना? डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आप्पांना महिनाभर आमच्याकडे पाठवतेस, हा निरोप मिळाला. बाप आहे, येऊ दे. पण आधी माझ्या पोटाची हकीकत ऐक. (फोनवर सांगितली असती, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि आप्पा शेजारीच असतात. पत्र त्यांना वाचता येणार नाही, मोतीबिंदूचा तेवढा फायदा.)

तुझा निरोप आल्यापासून पोट बिघडलंय. कारखान्यात सुपरवायझर मला शोधायला आता थेट संडासाकडेच माणूस पाठवतो. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, रिपोर्ट पाहिले आणि विचारलं, "लहानपण कसं गेलं?" दुखतंय पोट आणि बाई शिरतात बालवाडीत! म्हणाल्या, पोट आणि डोकं सारखे एकमेकांशी बोलत असतात, लहानपणीची धास्ती कधीकधी पोटातच मुक्काम ठोकते. ताक प्या, नागलीची आंबील घ्या, शांतपणे जेवा.

हर्षालीने 'शांतपणे' तेवढं उचललं. (तुझी भावजय कुठलाही उपचार दुप्पट करते.) टीव्ही बंद, मोबाईल कपाटात, जेवताना जो बोलेल त्याने भांडी घासायची. पहिल्याच दिवशी घरात पापड मोडल्याचा तेवढा आवाज, आणि ताई, मला दरदरून घाम फुटला. अर्ध्या ताटावरून उठून पळालो. आपल्या घरी आप्पा जेवताना गप्प झाले की पाठोपाठ ताट उडायचं, हे त्या बिचारीला काय माहीत? म्हणून तर तू आप्पांच्या आणि माझ्या मध्ये बसून "आप्पा, शेळी शिंकली हो!" असलं काहीबाही बडबडायचीस, आणि तेवढ्यात मी भाकरी गिळून मोकळा व्हायचो.

आता मी जेवताना मुद्दाम बोलतो आणि रोज भांडी घासतो. पोट बरं आहे. आंबील लागू पडली, असं हर्षाली शेजारपाजारी सांगत फिरते.

तुझा,
समाधान

ता.क. पोट बरं आहे हे खोटं. आप्पा आता थकले, पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना धड उचलवत नाही, हे डोक्याला कळतं. पोटाला कोण सांगणार?

आणखी ता.क. त्यांना एकटं पाठवू नकोस. तूही ये आणि पहिल्या जेवणाला आमच्या मध्ये बस. हर्षालीला सांगून ठेवलंय, ताई कुरडया शिकवायला येतेय. बेचाळीस वर्षांचा बाप्या बापाच्या पंक्तीला बसायला घाबरतो, हे फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस.