चौतीस इंची स्वेटर

ती. ताईस,

धाकट्याचा, वाकवेल तितका वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा काय म्हणतो?

पत्रास कारण गंभीर आहे. तू विणलेला स्वेटर पोटाशी येऊन अडतो आणि पुढे सरकायला साफ नकार देतो. एका शिंप्याची अशी विटंबना, आणि तीही सख्ख्या बहिणीकडून? (पोट चौतीस इंच हे मीच कळवलं होतं, तो मुद्दा तूर्त बाजूला ठेव.)

दिवसभर मी गिऱ्हाइकांना दटावतो, साहेब, श्वास चोरू नका, माप चुकतं. स्वतःला टेप लावून मात्र दहा वर्षं झाली. त्यात तो फोन. पुरुषांना पुरुष भेटावेत म्हणून त्यात जी सोय आहे, तिथे निम्म्यांना डोकंच नाही, नुसती घोटीव धडं. माझ्या दुकानाच्या काचेतले पुतळे बरे, त्यांना निदान मान तरी आहे. त्या गर्दीत मीही चौतीस लिहून टाकलं. (तुला खरा आकडा कळवला असता तर दोन आकडे लक्षात ठेवावे लागले असते.)

तर तिथेच एक घड्याळजी भेटला. माझ्याच वयाचा, फोटोत डोक्यासकट. चहाला बोलावलंन. तुझा स्वेटर मी कसाबसा ओढून चढवला आणि दीड तास श्वास चोरून बसलो. काय बोलतो गं माणूस! एक गिऱ्हाईक म्हणे बंद घड्याळ घेऊन आलं, दुरुस्त नको, फक्त साडेपाचवर लावून द्या, ऑफिसात बरं वाटतं. सांगताना आधी त्याचं पोट हलतं, मग तो हसतो. ते लपवायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. वाटलं, त्या पोटावर डोकं टेकून उरलेलं आयुष्य असंच ऐकत पडावं. पण हसलो असतो तर श्वास सुटला असता. चार किस्से झाले, चारही वेळा मी दगड. शेवटी त्याने कप बाजूला सारला, “कंटाळलात वाटतं तुम्ही,” म्हणाला आणि गेला. पाठमोराही छान दिसतो.

बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. स्वेटर परत पाठवतोय. उसवून पुन्हा विणशील? पोट एकोणचाळीस. श्वास सोडून मोजलंय.

आणखी ता. क. काल सैल शर्ट घालून त्याच्या दुकानात गेलो. काउंटरपाशी उभं राहून त्या साडेपाचच्या घड्याळावर पोट धरधरून हसलो. तो डोळ्याला भिंग लावूनच म्हणाला, “आता काय झालं?” म्हटलं, त्या दिवशीचं राहिलं होतं. त्याने भिंग काढून ठेवलं, स्टूल पुढे सरकवलं. उरलेले तीन किस्से बसून फेडले.