नारळ कोणी फोडला

शेंडेटेप, मार्गासनीजवळ
६ ऑक्टोबर २०२५

ती. आनंदरावदादास,
नूतनचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघी ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र शाबूत आहे. वहिनींच्या लोणच्यात मीठ कमी पडलं, असं कळवायला सांगितलंय. फोन करत नाही, कारण आपल्या आणि धनाजीच्या घरात एकच भिंत, आणि आई स्पीकर लावल्याशिवाय ऐकत नाही.

गोष्ट धनाजीचीच आहे. आपला हा चुलतभाऊ ग्रामपंचायतीचा सदस्य झाल्यापासून गावात पाण्याच्या पाइपसाठी चर खणायचं काम निघालं. ते त्याच्या मेहुण्याच्या, म्हणजे हिर्डोशीच्या कुंडलिकच्या, जेसीबीला मिळालं. त्या वेळी धनाजीनं लिहून दिलं, की यात आपला काही वाटा नाही. सदस्याचा वाटा निघाला तर पद जातं. ते त्याचं लिहिलेलं मी पंचायतीत मागून वाचलं.

दसऱ्याला त्या जेसीबीची पूजा झाली. ओवाळणीचं ताट माझ्याच हातात होतं. कुंडलिक झेंडूची पाटी धरून कडेला उभा, आणि नारळ फोडला धनाजीनं! आपल्याकडे माणूस स्वतःच्या गाडीपुढचा नारळ सख्ख्या भावालाही फोडू देत नाही. कागदावर लपवलं ते हौसेपायी त्याला मारुतीच्या पारासमोर लपवता आलं नाही.

चर कमरेइतका खोल हवा, तो गुडघ्याइतकाही नाही. पहिल्याच ट्रॉलीखाली पाइप फुटेल. मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून ठेवलाय, पण वेल्ह्याच्या तहसील कचेरीत नेऊन द्यायचं धाडस होत नाही. मला धनाजीचा हेवा तर वाटत नाही ना, हे रोज स्वतःला विचारते. आई आजारी पडली तेव्हा जीप त्याचीच धावली होती. तुमचं मत कळवा. तोवर कुणाजवळ बोलू नका.

लोभ आहेच, तो उणा होऊ नये.
आपली,
नूतन

•

भोर, ११ ऑक्टोबर

चि. नूतनला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वहिनी म्हणते, आईंच्या जिभेवर आहे तेवढं मीठ पुरे.

तू बी. ए. झालीस तेव्हाच वडील म्हणाले होते, की ही पोरगी एक दिवस भावकीला कचेरी दाखवणार. अगं, नारळावरून मालक ठरवायला लागलो तर देवळाचा मालक गुरव ठरेल! तो अर्ज ट्रंकेत ठेव. तुम्ही दोघी बायका, भिंतीला भिंत. उद्या काही झालं तर मी भोरहून कधी पोचणार?

आणखी एक. आपल्या शेफालीचं लग्न जमत आलंय. मुलगा कुंडलिकचाच, पुण्याला नोकरीला आहे. परवा ती मंडळी बोलणीला आली होती. दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात. तू शहाणी आहेस, जास्त लिहीत नाही.

आईला माझा नमस्कार सांग.
तुझा,
आनंदराव

•

शेंडेटेप, १७ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल जेसीबी आपल्या दारात आला आणि उंबऱ्यालगत आडवा चर मारून गेला. पाइप इथून जायचाच नाही. हा चर मात्र कमरेइतका खोल आहे.

मी त्यावर फळी टाकलीय. आईला ती ओलांडवत नाही, ती घरात कोंडली गेलीय. जेसीबी समोरच उभा करून ठेवलाय, बकेट वर उचललेली, तोंड आपल्या दाराकडे. मी खिडकी उघडत नाही. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्यांपैकी भावकीतलं एकही पोर आलं नाही. धनाजी पलीकडून हसत म्हणाला, की आक्का, वेल्ह्याला जायचं म्हणं तुला? जपून जा, हितं पाय घसरला तर यष्टी थांबत न्हाई.

दादा, अर्ज मी दिलेलाच नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. बोलणीच्या दिवशी तुमच्याकडे काय बोलणं झालं, ते विचारत नाही. उत्तराची भीती वाटते.

काळजी घ्यावी, आमचीही असू द्यावी.
नूतन

•

भोर, २४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शेफालीचा शि. सा. न.

बाबा पत्र लिहायला बसतात आणि उठतात, म्हणून मी लिहिते. त्यांनी हिर्डोशीच्या मंडळींना एवढंच सांगितलं, की नूतन वेल्ह्याला जाईल म्हणते, धनाजीला जरा समजुतीनं घ्यायला सांगा. त्यांना वाटलं, घरातलं घरात मिटेल. आता त्यांना जेवण जात नाही.

काल तिकडून निरोप आला. आपली काही तक्रार नाही असं आत्यानं लिहून द्यावं, मगच साखरपुडा. मी आईला म्हटलं, मी जाण्याआधीच ज्यांनी माझ्या आत्याचं दार खणलं, ते मला कुठलं दार उघडणार आहेत? आई रडली, पण मला गप्प बस म्हणाली नाही.

मोडलेल्या लग्नाच्या मुलीला लोक काय काय म्हणतात ते मला माहीत आहे. मलाही भीती वाटते. तरी माझ्यासाठी काही लिहून देऊ नकोस.

आजीला गोड पापा.
तुझी,
शेफाली

•

शेंडेटेप, २९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेफालीचं पत्र मी आईला भिंतीकडे पाठ करून हळू आवाजात वाचून दाखवलं. आई म्हणाली, मोठ्यांदा वाच. नारळ कुणी फोडला ते समद्या गावानं बघितलंय, आता भितीस कुणाला? तू जा, म्या बसते हितं.

मग उंबऱ्यात पाट टाकून बसली. धनाजी समोर आला तेव्हा त्याला म्हणाली, की लेका, तुझ्या वेळी सुईण आणाय म्या ह्याच दारातनं पळाले व्हते. आता चर बुजवतोस, का मला त्यात पुरतोस? तो खाली मान घालून गेला. चर मात्र बुजवला नाही.

मी फळीवरून गेले. यष्टीत अर्ज पुन्हा एकदा वाचून काढला. वेल्ह्याला खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला, शिक्का मारायच्या आधी वर पाहिलं आणि विचारलं, की हे सदस्य तुमचे कोण? मी म्हटलं, भाऊ. त्यांनी पुन्हा विचारलं, की नक्की द्यायचाय ना? मी हो म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला असावा; त्यांनी शिक्का मारला.

परत आले तर फळी नव्हती. आई पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात कुणीतरी नेली. ती पलीकडे, मी अलीकडे. शेवटी चरात उतरले, आणि मातीला धरून चढताना आईनं हात दिला. जेसीबी अजून समोरच आहे. मी बरोबर केलं का, हे मला अजून कळत नाही.

दादा, राग नाही. शेफालीला जवळ घ्या. या पत्राला उत्तर पाठवू नका, स्वतः या. लोभाचं तेव्हाच बोलू. येताना एक रुंद फळी घेऊन या.

आपली,
नूतन