सुमीचा पिवळा कप

सिल्वासा, रविवार, १९९२

आमच्या माघारी सुमीचं कोण बघणार? पोर मोठी झाली, पण समज लहानच राहिली. म्हणून घर आणि पैसे तिच्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवतोय. पण ट्रस्टी कोण? मी आपला नाशिकचे पुतणे धरून बसलेलो. आज वकील घरी आले. शेजारच्या कोकिळाबेन सुमीच्या आईसोबत भाजी निवडत होत्या. सुमीने चहा आणला आणि स्वतःचा पिवळा कप, ज्याला ती कुणाला हातही लावू देत नाही, तो थेट कोकिळाबेनच्या हातात दिला.

"लो! दीकरीने, तुमच्या लेकीने, तर मला नेमून टाकली!"

वकीलसुद्धा हसले. ठरलं, कोकिळाबेनच! इतके महिने सुमीला विचारायचं कसं सुचलं नाही?

पण तो पिवळा कप... बापाला अजून एकदाही मिळालेला नाही!